ई-मेल पाठवणाऱ्या लायब्ररीला टीएलएस आणि आयपीव्ही६ जोडताना

(रत्नागिरी येथे संगणकशास्त्राचे विद्यार्थी आणि स्थानिक व्यवसायांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे प्रोग्रामर यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, आपल्या किनारपट्टीवर हापूसच्या आगाऊ नोंदणीची पोच, मालवण-तारकर्लीच्या घरगुती निवासाचे आरक्षण, काजू कारखान्याचे बिल आणि पतसंस्थेचा खातेउतारा हे सगळे आज ई-मेलने जाते, आणि ते बहुतेक वेळा माणूस पाठवत नाही, प्रोग्राम पाठवतो. त्या प्रोग्रामच्या तळाशी एक छोटी कोड-लायब्ररी असते. तिला सर्व्हरचे नाव, पत्ता आणि मजकूर दिला की ती उरलेले सगळे सांभाळते. ती एकदा बसवली की वर्षानुवर्षे कोणी उघडून पाहत नाही. अशी जुनी, भरवशाची लायब्ररी हाती घेऊन तिला एन्क्रिप्शन (म्हणजे तिसऱ्याला वाचता येऊ नये असे बोलणे; त्याची प्रचलित पद्धत टीएलएस) आणि आजच्या नेटवर्कची, म्हणजे आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीची, जाण द्यायची झाली, तर नेमके काय काय करावे लागते, हा आजचा विषय आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. सर्व्हरपर्यंत पोहोचण्याचा मार्ग शोधताना लायब्ररीने कमालीची चिकाटी दाखवावी, पण समोरचा सर्व्हर खरा आहे की नाही हे ठरवताना तिने तितकेच कठोर राहावे. जुन्या कोडमध्ये ही दोन कामे एकाच फंक्शनमध्ये गुंतलेली असतात, आणि बहुतेक धोके त्या गुंत्यातूनच निर्माण होतात.

एसएमटीपी हा ई-मेल वाहून नेणारा प्रोटोकॉल जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या दस्तऐवजात मांडला. (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारी क्रमांकित दस्तऐवजमाला.) तेव्हाचे जाळे विद्यापीठे आणि संशोधनसंस्थांचे होते, आणि त्यावरचे लोक साधारणपणे एकमेकांना ओळखत होते. त्यामुळे आज्ञा, उत्तरे आणि पत्राचा मजकूर हे सगळे उघड्या अक्षरांत जाते. पुढे प्रेषकाची ओळख पटवण्यासाठी पासवर्डची सोय आली, पण तिच्या सर्वांत प्रचलित प्रकारांत पासवर्ड केवळ बेस६४ मध्ये बदलून पाठवला जातो. बेस६४ म्हणजे गुप्तता नव्हे, कारण ते कोणीही एका क्षणात उलटवू शकतो. म्हणून एसटी स्थानकावरच्या किंवा एखाद्या निवासातल्या मोफत वाय-फायवर साध्या जोडणीतून पत्र पाठवले, तर त्या जाळ्यावर कान देऊन बसलेल्याला केवळ ते एक पत्र मिळत नाही, पाठवणाऱ्याच्या नावाने पुढे कितीही पत्रे लिहिण्याचा अधिकारही मिळतो.

यावर दोन मार्ग आहेत. पहिल्यात जोडणी साधीच सुरू होते, सर्व्हर आपल्या क्षमतांची यादी सांगतो, त्या यादीत स्टार्टटीएलएस असेल तर लायब्ररी ती आज्ञा देते आणि तिथून पुढे तीच जोडणी एन्क्रिप्टेड होते. ही पद्धत १९९९ मध्ये प्रमाणित झाली आणि २००२ च्या आरएफसी ३२०७ ने तिला आजचे रूप दिले. पत्र सोपवण्याच्या ५८७ या पोर्टवर (म्हणजे सर्व्हरच्या त्या क्रमांकाच्या दारावर) ती सर्रास वापरली जाते. दुसऱ्या मार्गात पहिल्या बाइटपासूनच टीएलएस असते. त्यासाठी ४६५ हा पोर्ट वापरला जात होता, मधल्या काळात तो अधिकृतपणे काढून दुसऱ्याच कामाला दिला गेला, तरी लोकांनी तो सोडला नाही, आणि अखेर २०१८ च्या आरएफसी ८३१४ ने हाच मार्ग पसंतीचा ठरवला. नव्याने काम करणाऱ्याने दोन्ही द्यावेत. पण निवडीला वाव असेल तेव्हा ४६५ घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

त्या आग्रहाचे कारण स्टार्टटीएलएसच्या रचनेतच आहे. क्षमतांची यादी उघड्या जोडणीवर येते, त्यामुळे वाटेत बसलेला कोणीही त्यातली स्टार्टटीएलएसची ओळ पुसू शकतो. लायब्ररीला वाटते की या सर्व्हरला एन्क्रिप्शन येत नाही. आता तिने काय करावे? अनेक जुन्या लायब्रऱ्यांमध्ये ‘जमल्यास एन्क्रिप्शन वापरा’ असा पर्याय असतो आणि तोच मूळ सेटिंग असतो. म्हणजे हल्लेखोराने एक ओळ पुसली की लायब्ररी काही न बोलता पासवर्ड उघड्यावर पाठवते आणि ‘पत्र पोहोचले’ असा निरोप देते. वापरणाऱ्याला यातले काहीच कळत नाही, आणि म्हणूनच मला हा पर्याय एन्क्रिप्शन मुळीच नसण्यापेक्षा वाईट वाटतो. तिथे निदान आपण उघड्यावर आहोत याची जाणीव तरी असते. पासवर्ड द्यायचा आहे आणि टीएलएस उभे राहिलेले नाही, अशा वेळी पत्र न पाठवता चूक कळवणे हेच लायब्ररीचे काम आहे. दोन अनोळखी सर्व्हरांमधल्या टपालाची गोष्ट निराळी आहे. तिथे आधी ठरलेले काही नसते, आणि त्यासाठी डेन आणि एमटीए-एसटीएस या वेगळ्या व्यवस्था आहेत. आपली लायब्ररी मात्र एकाच ठरलेल्या, ओळखीच्या सर्व्हरशी बोलते, त्यामुळे तिला सबब उरत नाही.

स्टार्टटीएलएसमध्ये आणखी एक खाच आहे आणि तिच्यापाशी थोडे थांबायला हवे. लायब्ररी सर्व्हरकडून आलेले बाइट आधी बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या जागेत, साठवते आणि मग ओळी तोडून वाचते. समजा हल्लेखोराने ‘टीएलएस सुरू करा’ या सर्व्हरच्या उत्तराला चिकटूनच, त्याच पॅकेटमध्ये, स्वतःच्या दोन ओळी घुसवल्या. लायब्ररी पहिली ओळ वाचते, टीएलएसची बोलणी पूर्ण करते, आणि पुढचे उत्तर वाचायला बफरकडे वळते तेव्हा तिथे त्या घुसवलेल्या ओळी पडून असतात. उघड्यावर आलेला तो मजकूर आता एन्क्रिप्टेड जोडणीतून आल्यासारखा वाचला जातो. सर्व्हरच्या बाजूचा असाच दोष पोस्टफिक्स या मेल-सर्व्हरचे कर्ते वित्से वेनेमा यांनी २०११ मध्ये उघड केला होता, आणि तो इतरही अनेक सर्व्हरांत निघाला. तरीही २०२१ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी मेल प्रोग्राम आणि सर्व्हर तपासले, तेव्हा त्यांना स्टार्टटीएलएसच्या हाताळणीत चाळीसहून अधिक त्रुटी सापडल्या. उपाय मोजक्या ओळींचा आहे. टीएलएसची बोलणी सुरू करण्यापूर्वी बफर रिकामा आहे का ते पाहावे आणि नसेल तर जोडणी तोडावी. तसेच आधी ऐकलेली क्षमतांची यादी पूर्णपणे विसरून, टीएलएस उभे राहिल्यावर पुन्हा ईएचएलओ ही स्वतःची ओळख देऊन यादी मागणारी आज्ञा पाठवून ती नव्याने घ्यावी.

आता ओळखीकडे येऊ. टीएलएस जोडणी उभी राहिली याचा अर्थ एवढाच की दोन टोकांमधले बोलणे तिसऱ्याला कळत नाही. दुसऱ्या टोकाला कोण आहे हे त्यावरून ठरत नाही. आंब्याच्या पेटीला पक्की पट्टी मारलेली असली, तरी आतला आंबा देवगडचाच आहे हे त्या पट्टीवरून सिद्ध होत नाही, ते आपल्या माणसांना वेगळे सांगायला नको. ओळख पटते ती प्रमाणपत्रावरून, म्हणजे सर्व्हरचे नाव असलेल्या आणि विश्वासू संस्थेने सही केलेल्या डिजिटल दाखल्यावरून. पण ओपनएसएसएल ही टीएलएसची प्रचलित लायब्ररी वापरणाऱ्या क्लायंटमध्ये, म्हणजे सर्व्हरला जोडणाऱ्या प्रोग्राममध्ये, प्रमाणपत्राची तपासणी आपण सांगितल्याशिवाय सक्तीची होत नाही. ती सक्ती केली, तरी प्रमाणपत्रावरचे नाव आपल्या सर्व्हरचेच आहे का, हे पाहणे वेगळे राहते. त्यासाठीचे तयार फंक्शन ओपनएसएसएलमध्ये २०१५ च्या सुमारास आले. त्यापूर्वी प्रत्येक लायब्ररीकाराला ते काम स्वतः लिहावे लागे, आणि अनेकांनी ते लिहिलेच नाही. अशा लायब्ररीला कोणत्याही दुसऱ्या डोमेनचे वैध प्रमाणपत्र दाखवले तरी चालते. आणि तपासायचे नाव कोणते? वापरणाऱ्याने सेटिंगमध्ये लिहिलेले, तेच. नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएस यंत्रणेने वाटेत दुसरे टोपणनाव सुचवले तरी ते नाव तपासणीसाठी घेऊ नये, कारण डीएनएसचे ते उत्तरच बनावट असू शकते.

टीएलएसच्या आवृत्तीबद्दल थोडक्यात. जुन्या कोडमध्ये ‘टीएलएस १.०’ असे ठामपणे लिहिलेले आढळते. २०२१ च्या आरएफसी ८९९६ ने १.० आणि १.१ या दोन्ही आवृत्त्या कालबाह्य ठरवल्या, आणि सर्व्हरांनी त्या बंद केल्या तसतसे अशा लायब्रऱ्यांचे टपाल थांबले. कोडमध्ये फक्त किमान आवृत्ती १.२ ठरवावी आणि कमाल मर्यादा मोकळी सोडावी.

नेटवर्कच्या बाजूला कारण वेगळे आहे, पण ते आपल्या अगदी जवळचे आहे. कोकणात वाड्यावाड्यांवर, कातळावर आणि खाडीपलीकडे पुष्कळांचे इंटरनेट मोबाइलवरूनच येते, आणि २०१६ नंतर भारतातल्या मोबाइल जाळ्यांवर आयपीव्ही६ झपाट्याने पसरले. जुनी लायब्ररी नावावरून पत्ता शोधायला जे फंक्शन वापरते ते फक्त आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे पत्ते देते. ते काढून दोन्ही प्रकारचे पत्ते देणारे गेटअॅड्रइन्फो हे फंक्शन आणावे, हे कोणीही सांगेल. काम मात्र तिथे संपत नाही. पत्ता साठवण्यासाठी राखलेली जागा १६ बाइटची असते आणि आयपीव्ही६ च्या पत्त्याच्या रचनेला २८ लागतात. ती रचना लायब्ररीच्या सार्वजनिक हेडरमध्ये (इतर प्रोग्राम वापरतात त्या फाइलमध्ये) उघडी ठेवलेली असेल, तर आकार बदलताच तिच्यावर बांधलेले सगळे जुने प्रोग्राम मोडतात. सेटिंगमध्ये ‘सर्व्हर, अपूर्णविराम, पोर्ट’ असे लिहिलेले पहिल्या अपूर्णविरामावर तोडणारा कोड आयपीव्ही६ पत्त्यापुढे हरतो, कारण त्या पत्त्यातच अपूर्णविराम असतात. म्हणून पत्ता चौकटी कंसांत लिहिण्याची पद्धत ओळखावी लागते. ईएचएलओमध्ये नावाऐवजी पत्ता द्यायचा झाला, तर आयपीव्ही६ साठी त्याच्या आधी ‘आयपीव्ही६’ अशी खूण लावावी लागते. ती विसरली तर काटेकोर सर्व्हर दारातूनच परत पाठवतो.

गेटअॅड्रइन्फो एक पत्ता देत नाही, पत्त्यांची यादी देते. पहिल्या पत्त्यावर प्रयत्न करून थांबणारी लायब्ररी अर्धवट चालणाऱ्या आयपीव्ही६ जाळ्यावर मिनिटभर अडकून राहते. ‘हॅपी आयबॉल्स’ नावाने ओळखली जाणारी आणि आरएफसी ८३०५ मध्ये वर्णन केलेली पद्धत सांगते की पहिला प्रयत्न सुरू करून सुमारे २५० मिलिसेकंद थांबावे, उत्तर नसेल तर दुसऱ्या पत्त्यावरही प्रयत्न सुरू करावा, आणि जो आधी जोडला जाईल तो ठेवावा. चिकाटी हवी ती इथे. मात्र पुढचा पत्ता घेण्याचे कारण फक्त जोडणी न होणे हेच असावे. प्रमाणपत्र चुकीचे निघाले म्हणून पुढच्या पत्त्यावर जाणे, किंवा त्याहून वाईट म्हणजे पुढच्या पत्त्यावर टीएलएसशिवाय जाणे, हे एकाच मोठ्या लूपमध्ये (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या कोडमध्ये) सगळ्या चुका सारख्या मानल्यामुळे घडते. माझ्या मते या संपूर्ण कामातला सर्वांत महत्त्वाचा बदल म्हणजे तो लूप दोन भागांत तोडणे.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज आणि रेंज दोन्हींचा भरवसा नसतो, म्हणून जोडणी अर्ध्यावर तुटण्याचा विचार इथल्या प्रोग्रामरने जास्त करायला हवा. पत्र संपल्याची खूण म्हणून शेवटचा टिंब पाठवल्यानंतर आणि सर्व्हरची पोच येण्याआधी जोडणी तुटली, तर पत्र स्वीकारले गेले की नाही हे लायब्ररीला कळण्याचा मार्ग नाही. आरएफसी ५३२१ या पोचेसाठी दहा मिनिटे थांबायला सांगते. घाईने तीस सेकंदांची मुदत ठेवणाऱ्या लायब्रऱ्या ग्राहकाला एकच बिल तीनदा पाठवतात. लायब्ररीने ‘नाकारले’ आणि ‘माहीत नाही’ या दोन वेगळ्या चुका कळवाव्यात, आणि पत्राचा मेसेज-आयडी (त्याची स्वतंत्र ओळखखूण) पहिल्या प्रयत्नापूर्वी एकदाच ठरवून प्रत्येक प्रयत्नात तोच ठेवावा. टीएलएसमुळे यात भर पडते ती अशी की, न थांबता चालणाऱ्या सॉकेटवर (जोडणीच्या प्रोग्राममधल्या टोकावर) वाचनाची आज्ञा दिली असता टीएलएसला आधी लिहायचे असू शकते. फक्त वाचनाची वाट पाहणारा जुना लूप तिथे कायमचा अडकतो.

शेवटी चुकांच्या संदेशांबद्दल. लहान कार्यालयांतल्या जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरची बॅटरी संपलेली असते, वीज गेली की त्याची तारीख काही वर्षे मागे जाते, आणि मग प्रत्येक प्रमाणपत्र ‘अजून वैध झालेले नाही’ असे ठरते. लायब्ररीने केवळ ‘टीएलएस अयशस्वी’ म्हटले, तर बसवणारा माणूस तपासणी बंद करण्याची सेटिंग शोधतो, आणि ती एकदा बंद झाली की कायमची बंद राहते. त्याऐवजी संदेशात प्रमाणपत्राची तारीख आणि संगणकाची तारीख दोन्ही दिल्या, तर तो घड्याळ दुरुस्त करतो. ज्या संस्थेचा स्वतःचा सर्व्हर स्वतःच सही केलेल्या प्रमाणपत्रावर चालतो, तिची अडचण खरी असते. तिला ते विशिष्ट प्रमाणपत्र विश्वासू म्हणून नोंदवण्याची सोय द्यावी, आणि तपासणीच बंद करणारे फंक्शन सार्वजनिक हेडरमध्ये ठेवूच नये.