भाकरतुकडा आणि शांतारामबापू

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय व्ही. शांताराम यांच्याविषयी. तुम्ही म्हणाल, ते तर कोल्हापूरचे, सोलापूरचा काय संबंध? संबंध आहे. आपल्या भैय्या चौकातल्या एका घराशी आहे. तिथं येतोच, आधी थोडं मागून.

शांताराम राजाराम वणकुद्रे. जन्म कोल्हापूर, १८ नोव्हेंबर १९०१. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करत शिकले. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासोबत 'प्रभात' काढली. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' तुम्हाला ठाऊक आहेच. मग १९३७ चा 'कुंकू'. म्हाताऱ्याच्या गळ्यात फसवून बांधलेली मुलगी आणि तिचा ठाम नकार. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही, बरं का. घरातले, रस्त्यावरचे आवाज, तेवढंच. नाहीतर हल्लीच्या मालिका! सासूनं मान वळवली की तीनदा ढोल. मी तर टीव्हीचा आवाज बंद करून बघतो, गोष्ट तरी कळतेच.

असो. १९४२ मध्ये बापू प्रभातमधून बाहेर पडले आणि मुंबईत परळला 'राजकमल' उभं केलं. राजाराम वडील, कमल आई. आईवडिलांच्या नावाचा स्टुडिओ.

आता भैय्या चौक. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे, जन्म १९१० चा. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, जपानी आक्रमणात जखमी झालेल्यांवर उपचार करायला. त्यात हे होते. तिथंच त्यांनी क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, मुलगा झाला, आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच गेले. वय बत्तीस. त्यांच्यावर बापूंनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला. दिग्दर्शक शांताराम, आणि डॉक्टरही शांतारामच. पुन्हा सांगतो, डॉक्टरही तेच.

हा चित्रपट सोलापुरात लागला तेव्हाची गोष्ट. आमचे आबा जुन्या मिलमध्ये साच्यावर होते. पाळी संपवून, अंगावरचा कापूस झटकून, आजीला घेऊन खेळाला गेले. आबा पुरुषांत, आजी बायकांत. तिच्या मांडीवर माझे वडील, दात येत होते, रडून जीव नकोसा केलेला. फडक्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. चटणी उखळात कुटलेली, तेल सुटलेली. मिक्सरमधून काढतात त्याला चटणी म्हणू नका, ते कूट. यावर माझ्याशी वाद घालायचा असेल तर स्टुडिओत पत्र पाठवा.

आजीला हिंदी फारसं कळत नव्हतं. ती आपली पोराच्या हातात भाकरीचा तुकडा देऊन बघत बसलेली. डॉक्टर जरा वयस्कर वाटतोय, एवढंच शेजारणीला म्हणाली. खरंच होतं ते, बापू तेव्हा पंचेचाळिशीला टेकलेले. पण शेवट आला. डॉक्टर गेलेला, आणि त्याची चिनी बायको तान्हं लेकरू घेऊन सासरी येते. थिएटरात नुसते नाक ओढल्याचे आवाज. आणि आमची आजी ताडकन उभी राहिली, पोराला काखोटीला मारून.

"अगं बया, लेकरू घेऊन पयल्यांदा आलीय, आधी भाकरतुकडा ओवाळा की!"

मागून कुणी पुरुष ओरडला, "खाली बसा ओ बाई!" आजी कुठली बसतेय! शेजारची म्हणाली, खरंय की, एवढा समुद्र ओलांडून आलीय, दृष्ट लागंल. तिसरी म्हणाली, पाणी पण पायजे. बायकांच्या बाजूला अशी काही चर्चा जुंपली की पडद्यावर 'समाप्त' कधी आलं, कळलंच नाही कुणाला. आबा अंधारात खाली मान घालून बसले होते. घरापर्यंत चकार शब्द बोलले नाहीत.

घरी आल्यावर आजीनं काय केलं? पोराच्या मुठीत चघळून मऊ झालेला तो भाकरीचा तुकडा होता, तो काढून घेतला. तांब्यात पाणी घेतलं. उंबऱ्याबाहेर आली आणि अंधारात, समोर कुणीही नसताना, ओवाळून टाकला. आबांनी विचारलं, हे कुणासाठी? म्हणाली, "त्यांनी न्हाई केलं, मग कुणीतरी कराया नको का?"

शांतारामबापू मोठे का, असं मला कुणी विचारलं की मी रंग, कॅमेरा यांचं सांगत नाही. हा भाकरतुकडा सांगतो. चीनमधली सून त्यांनी आमच्या उंबऱ्याशी आणून उभी केली, उंबऱ्याशी.

वेळ संपत आली, काचेपलीकडून हात हलतोय. भराभर सांगतो. १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ'. कैद्यांवर विश्वास टाकणारा जेलर, प्रेरणा औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाची. म्हणजे आपल्या सांगोल्यापलीकडच्या आटपाडीजवळची. कथा गदिमांची. बर्लिन महोत्सवात बक्षीस. त्याच चित्रपटात बैलाशी झुंज घेताना बापूंच्या डोळ्यांना इजा झाली, पट्टी बांधून पडून राहावं लागलं, आणि बरे झाल्यावर त्यांनी १९५९ मध्ये रंगांनी भरलेला 'नवरंग' केला. १९८५ चा फाळके पुरस्कार. ३० ऑक्टोबर १९९० ला गेले.

आणि हो, १९७२ चा 'पिंजरा' राहिलाच की. तोही आजीनं बघितला होता. त्यातल्या मास्तराला ती काय म्हणाली, ते मात्र रेडिओवर सांगता येणार नाही. नमस्कार.