परीक्षेत नसतं ते वर्गातही उरत नाही

जर्मनच्या क्लासची चौकशी करायला येणारे पालक पहिला प्रश्न हमखास विचारतात, 'बी वन व्हायला किती महिने लागतील?' बी वन 'येत' नाही, बी वन 'होतं'. मुलगा सीए झाला, तसा बी वन झाला. मला या क्रियापदाची गंमत वाटते, आणि थोडी भीतीही.

बी वन ही परकी भाषा किती येते ते सांगणारी एक पायरी. ए वन ते सी टू अशा या पायऱ्या युरोप परिषदेने 2001 साली प्रसिद्ध केलेल्या चौकटीतून आल्या. त्यात अमुक विभक्ती यावी, तमुक काळ यावा अशी यादी नाही. माणूस भाषेत काय करू शकतो, ते लिहिलं आहे. बी वनचं वर्णन साधारण असं: प्रवासात येणाऱ्या बहुतेक प्रसंगांत निभावून नेता येतं, आलेला अनुभव सांगता येतो, आपल्या मताची थोडक्यात कारणं देता येतात. 'निभावून नेणं' हा शब्द लक्षात ठेवा. चुकत का होईना, पण काम होतं.

जर्मनच्या परीक्षा घेणाऱ्या गोएथं इन्स्टिट्यूटच्या बी वन परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग आहेत. प्रत्येक भाग 100 गुणांचा आणि प्रत्येकात 60 हवेत. वाचनात 90 मिळाले म्हणून संभाषणातले 50 झाकले जात नाहीत. संभाषण सहसा जोडीने असतं, साधारण पंधरा मिनिटांचं. पहिल्या भागात दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं असतं.

आमच्या वर्गातली एक सरावपरीक्षा सांगतो. चिठ्ठीवर विषय होता: मित्र दवाखान्यात आहे, त्याला भेटायला कधी जायचं, कसं जायचं, काय न्यायचं. एक मुलगी, व्याकरणात वर्गात पहिली. समोर एक मेकॅनिकल इंजिनियर, 'डेर-डी-दास'चा, म्हणजे जर्मन नामांच्या तीन लिंगांचा, सदा गोंधळ. (वास्तविक तो-ती-ते आपल्याला घरचं. हिंदीवाल्यांना दोनच लिंगं, बिचाऱ्यांना जास्त त्रास. पण आपलं टेबल नपुंसकलिंगी आणि जर्मनांचं पुल्लिंगी, तिथे माशी शिंकते.) तर हा म्हणाला, शनिवारी जाऊ. ती म्हणाली, 'या, दास इस्ट आइनं गूटं इडे.' हो, छान कल्पना. फुलं नेऊ? छान कल्पना. बसने जाऊ? छान कल्पना. याच्या लक्षात आलं. गंभीर चेहरा करून तो म्हणाला, मग रात्री दोन वाजता जाऊ. आणि बाईसाहेब, एकही प्रत्यय न चुकता: 'या, दास इस्ट आइनं गूटं इडे!'

वर्ग हसला. मला मात्र घाम फुटला, कारण ते वाक्य मीच पाठ करून घेतलं होतं. परीक्षकाच्या तक्त्यात शब्दसंपदा, रचना, उच्चार यांच्या जोडीला समोरच्याशी देवाणघेवाण कशी झाली याचेही गुण असतात. ती देवाणघेवाण मी शिकवलीच नव्हती, तिच्यासाठी एक वाक्य फक्त हातात दिलं होतं.

आता जपानीकडे वळू. पुण्यात जपानी शिकणारे खूप आणि आपल्याला ती सोपी जायला कारणंही आहेत. क्रियापद शेवटी. प्रत्यय नामाच्या मागे. 'ताबेते मिरु' म्हणजे शब्दशः 'खाऊन बघणे', 'ताबेते शिमाउ' म्हणजे जवळजवळ आपलं 'खाऊन टाकणे'. इंग्रजीतून समजवायला अर्धा तास लागतो, मराठीतून अर्धं मिनिट. असं असूनही एन थ्री, म्हणजे जपानी परीक्षेची मधली पायरी, झालेला विद्यार्थी जपानी पाहुण्यासमोर गप्प उभा राहतो. का?

जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेत बोलण्याची परीक्षाच नाही. लिहिण्याचीही नाही. सगळे प्रश्न पर्यायांचे, गोल काळे करायचे. एन थ्रीला 180 पैकी 95 हवेत, तिन्ही विभागांत किमान 19. एक वाक्य तोंडातून न काढता सगळ्यात वरचं एन वनसुद्धा होता येतं. याला कारण आहे, मी परीक्षेला नावं ठेवत नाही. जगभर एवढ्या लोकांना एकाच मापाने मोजायचं तर काळे केलेले गोल यंत्र तपासतं आणि ते सगळीकडे सारखंच तपासतं. बोलणं तपासायला प्रशिक्षित माणसं लागतात, त्यांची मापं जुळवत राहावी लागतात, आणि फी वाढते. माझी तक्रार आपल्याबद्दल आहे. जुलै आणि डिसेंबरच्या परीक्षांचं वेळापत्रक आलं की आपण वर्गातलं बोलणं बंद करतो आणि कांजीच्या, म्हणजे जपानीतल्या चिनी अक्षरांच्या, चिठ्ठ्या वाटतो. पालकही म्हणतात, 'सर, ते गप्पांचं नंतर बघू.' ते नंतर कधी येत नाही.

मी स्वतः एक बदल केला. जोडीच्या सरावात एकाला गुपचूप सांगतो, तुला निदान एका गोष्टीला नकार द्यायचा आहे आणि कारणही सांगायचं आहे. पहिले दोन आठवडे शांतता असते. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची सवय मराठीतही कमीच!

त्या मुलीला महिन्याभराने पुन्हा त्याच इंजिनियरसमोर बसवलं. या वेळी विषय सहलीचा होता. त्याने आपलं जुनं अस्त्र काढलं, रात्री दोनला निघू. ती थांबली. वर पंख्याकडे पाहिलं. म्हणाली, 'नाइन. माइनं मुटर शिम्फन.' नाही, माझी आई ओरडणे. क्रियापद चालवायचं राहून गेलं होतं. रचनेचे गुण कापले, देवाणघेवाणीचे पूर्ण दिले.