राष्ट्रीय महत्त्व कशाचं दाखवायचं?

मंडळी, अमेरिकेतल्या आपल्या संशोधकांचे एन.आय.डब्ल्यू.चे (नॅशनल इंटरेस्ट वेव्हर, म्हणजे देशहितासाठी नोकरीच्या प्रस्तावाची अट माफ करून ग्रीन कार्ड मागणाऱ्या अर्जांचे) मसुदे मी वाचतो, तेव्हा एक मांडणी हमखास सापडते. कर्करोग हा देशापुढचा मोठा प्रश्न आहे आणि मी कर्करोगावर काम करते, म्हणून माझं काम राष्ट्रीय महत्त्वाचं. पण कर्करोगावर हजारो जण काम करतात. अधिकारी विचारतो ते असं: तुम्ही यापुढे नेमकं काय करणार, आणि त्याचा परिणाम तुमच्या प्रयोगशाळेबाहेर कुठवर जाईल?

ही कसोटी डिसेंबर २०१६च्या 'धनसार' निकालातली. इमिग्रेशन खात्याच्या अपील कार्यालयानं १९९८ची जुनी कसोटी त्यात रद्द केली. नव्या कसोटीचे भाग तीन: कामाला भरीव मोल आणि राष्ट्रीय महत्त्व हवं, ते पुढे नेण्याची अर्जदाराची कुवत दिसायला हवी, आणि नोकरीचा प्रस्ताव व लेबर सर्टिफिकेशन (त्या जागेसाठी योग्य अमेरिकी कामगार मिळत नसल्याचा श्रम खात्याचा दाखला) माफ करण्यात देशाचं हित हवं.

तो निकाल मुळातून वाचाच. अर्जदार एअरोस्पेस क्षेत्रातला संशोधक आणि शिक्षक. ध्वनीच्या कित्येक पट वेगानं जाणाऱ्या यानांच्या इंजिनांवर त्याचं संशोधन. ते राष्ट्रीय महत्त्वाचं ठरलं, कारण संरक्षण आणि अवकाश या दोन्ही क्षेत्रांशी त्याचा असलेला संबंध कागदोपत्री दिसत होता. पण त्याच माणसाच्या विज्ञान-तंत्रज्ञान शिकवण्याचं मोल मान्य करूनही ते राष्ट्रीय महत्त्वाचं मानलं नाही. वर्गातल्या विद्यार्थ्यांपलीकडे, एकूण शिक्षणक्षेत्रावर त्याचा परिणाम होईल असा पुरावा नव्हता. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. एकाच अर्जदाराची दोन कामं, दोन्ही चांगली, आणि पार झालं एकच.

आता तुमच्या अर्जाकडे वळू. समजा, तुम्ही बॅटरीच्या इलेक्ट्रोलाइटवर काम करता. 'स्वच्छ ऊर्जेला हातभार' एवढ्यावर थांबू नका. कडाक्याच्या थंडीत बॅटरीची क्षमता घटते, ती कमी घटावी म्हणून तुम्ही काय बनवणार, ते कुठे प्रसिद्ध करणार, दुसऱ्या प्रयोगशाळा आणि कारखाने ते कसं वापरू शकतील, हे लिहा. फायदा फक्त तुमच्या कंपनीला आणि तिच्या ग्राहकांना होणार असेल, तर अर्ज इथेच अडतो. उलट, काम एका राज्यापुरतं असलं तरी चालतं; निकालात नकाशावरच्या व्याप्तीची अट नाही.

सायटेशन, पारितोषिकं, पेपर हे मुख्यतः दुसऱ्या भागाचे पुरावे. तुमची कुवत दाखवणारे. शिफारसपत्रांतही नुसती स्तुती नको. तुमच्याबरोबर कधी काम न केलेल्या तज्ज्ञानं तुमची पद्धत स्वतः वापरली असेल, तर कुठे आणि कशासाठी ते त्यानं लिहावं.

आणि हेही लक्षात ठेवा: या माफीनं भारतीयांची ईबी-२ची (एन.आय.डब्ल्यू. ज्यात मोडतो त्या ग्रीन कार्ड वर्गाची) रांग कमी होत नाही. तिथला तुमचा क्रमांक आय-१४०, म्हणजे या अर्जाचा फॉर्म, दाखल झाल्याच्या तारखेवरून ठरतो.