आधी वाढू द्या, मग छोटं करा

(नागपुरातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात, मृग लागल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? तीस वर्षं भूगोल शिकवलाय, तोही साठ-साठ मुलींच्या वर्गात. माइक बंद पडला तरी काळजी नको.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘बी आणि फांदीपासून घरच्या घरी बोन्साय’. तिकडे मी येणारच आहे. पण आधी एक गाऱ्हाणं ऐकून घ्या. घरी ते ऐकणारं आता कोणी उरलेलं नाही.

आमच्या गच्चीवर पाहुणे येतात. वड पाहतात, उंबर पाहतात, आणि चेहरा असा करतात जणू मी एखादं लेकरू साखळीनं बांधून ठेवलंय. ‘वहिनी, उपाशी ठेवता काय हो यांना?’ आमच्या एक नणंदबाई तर चहा पिता पिता म्हणाल्या, झाडाचे तळतळाट लागतात. चहा मात्र दोन कप घेतला.

तर उपासमारीची ही समजूत आज मला मोडायची आहे. झाड उपाशी ठेवून बोन्साय होत नाही, मरतुकडं रोप होतं. खोड जाड कशानं होतं? पानांनी. पान अन्न तयार करतं, त्यातून लाकडाचा थर चढतो. फांद्या जितक्या मोकळ्या सुटतील तितकं बुड भरतं. आणि आपण काय करतो? वीतभर रोप आलं की हौसेनं सुंदर थाळीत लावतो आणि शेंडे खुडत बसतो. मग दहा वर्षांनीही खोड पेन्सिलीएवढंच. वर वाटीभर पाला. त्याला बोन्साय म्हणायचं तर कोथिंबिरीनं काय पाप केलंय? ‘बोन’ म्हणजे उथळ थाळी, ‘साय’ म्हणजे लागवड, एवढाच त्या जपानी शब्दाचा अर्थ. पण मुरलेली माणसं थाळी सर्वांत शेवटी आणतात. आधी झाड जमिनीत मोकाट वाढवायचं, मग छाटायचं, मग थाळी. पोराला आधी गल्लीत हुंदडू द्यावं, गणवेश मागाहून.

माझी एक चिंच होती. तिची गोष्ट सांगते, लांबली तर खाकरा.

लहानपणी आपण चिंचोके फरशीवर घासून शेजारणीच्या दंडाला चटका द्यायचो, आठवतं? हात वर करा. बघा, सगळ्या गुन्हेगार! तर बीसुद्धा तसंच घासायचं असतं. चिंचोक्याचं कवच टणक, पाणी आत शिरत नाही. एका कडेला आतलं पांढरं दिसेस्तोवर घासायचं आणि रात्रभर पाण्यात ठेवायचं. सकाळी फुगून दुप्पट. असे पाच चिंचोके मी २००२ च्या पावसाळ्यात लावले, चार उगवले. त्यातला एक मागच्या अंगणात टाकला. खड्ड्यात आधी एक कवेलू, म्हणजे छपराचं कौल, आडवं ठेवलं, त्यावर बोटभर माती आणि मग रोप. कवेलू कशाला? चिंचेचं सोटमूळ सरळ पाताळात जातं. खाली कवेलू लागलं की ते अडतं आणि मुळं चहूबाजूंनी पसरतात, कोंबडीच्या पंजासारखी. पुढे थाळीत तीच शोभा.

सात वर्षं तिला हात लावला नाही. भिंतीच्या वर गेली, शेजारच्यांची पोरं पाला ओरबाडून खायची. खोड मनगटाएवढं झालं. मग एका जुलैत छातीवर दगड ठेवून ती फूटभरावर कापली. यजमान दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण पंधरा दिवसांत तिला पालवी फुटली. पुढल्या पावसाळ्यात मुळं आवरून थाळीत आणली. चिंचेचं पान मुळातच बारीक, त्यामुळे छोट्या झाडावर ते शोभतं. रात्री पानं मिटून घ्यायची, अगदी मोठ्या चिंचेसारखी. मी झोपायला जाताना गच्चीवर डोकावून यायची.

मग आला २०१३ चा मे. २३ तारखेला आपल्याकडे पारा ४७.९ वर गेला होता, तुम्हाला आठवत असेल. त्याच आठवड्यात अमरावतीला भाच्याचं लग्न. चार दिवस. शेजारच्या मुलाला किल्ली दिली. इंजिनिअरिंगचा, अतिशय गुणी मुलगा. सांगितलं, बाबा, रोज पाणी टाक. परत आले तर पानं तपकिरी, हात लावला की खाली. विचारलं तर म्हणतो, ‘काकू, रोज टाकलं ना पाणी. झोपून उठल्याबरोबर पहिलं तेच काम केलं.’

तो उठायचा बारा वाजता.

गच्चीवर काळी प्लास्टिकची टाकी, तिथून निघालेला काळा पाइप, आणि भर दुपारी पाइपात तापलेलं पाणी दोन इंच मातीच्या थाळीत. कुंडी उपसून पाहिली. आमटीतल्या शेवग्याची साल सुटते ना, तशी मुळांची साल हातात आली. माझी चिंच त्या मुलानं न चुकता, प्रामाणिकपणे, चार दिवस शिजवली.

त्याला मी बोलले नाही. चूक माझीच, वेळ सांगायला विसरले. गाऱ्हाणं आहे ते पुस्तकांबद्दल. माझ्याकडच्या सगळ्या पुस्तकांत लिहिलंय, भरपूर ऊन द्या, कुंडी बदलायची तर वसंतात. अहो, आपला वसंत म्हणजे होळी झाली की कूलर काढणं! पाठोपाठ नवतपा, मे अखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस. ज्यांच्याकडे बर्फ वितळतो त्यांचं पंचांग आपण कशाला पाळायचं? आपलं पंचांग मृगापासून. कापाकापी, कुंडी बदलणं, फांद्या लावणं, जे काही करायचं ते पहिले चार पाऊस पडले की. एप्रिल-मे फक्त जीव वाचवायचा. पहाटे पाणी, आधी पाइपातलं गरम पाणी सोडून द्यायचं. वर हिरवी जाळी. थाळ्या ओल्या रेतीत रुतवून ठेवायच्या. कूलरच्या स्टँडखालची जागा तर फारच उत्तम, सावली असते आणि वरून थेंबथेंब ओल मिळते. आमच्याकडे त्या जागेसाठी मांजर आणि उंबर यांच्यात दरवर्षी भांडण होतं.

मधेच आठवलं. संत्र्याचं बोन्साय हवं असं नागपुरात दर दुसरा माणूस म्हणतो, अभिमानच आहे आपला. पण बाजारात मिळणारं संत्र्याचं रोप म्हणजे एकात दोन झाडं असतात. खाली जंबेरी लिंबाचं मूळ आणि वर संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, बांधलेला. वरुडकडच्या शेंदुरजना घाटला या कलमांचा मोठा धंदा आहे. बुडातून फुटलेला काटेरी फुटवा जपत बसाल तर हाती जंबेरी येईल. शिवाय पान थोडं लहान होतं, फळ होत नाही. हातभर झाडाला पूर्ण आकाराचं संत्र लटकलेलं म्हणजे...

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे. आलुबोंडे तयार आहेत.’ अरे देवा. विषय तर आत्ता सुरू होतोय. पेन काढा, भरभर सांगते.

बिया. सध्या निंबोळ्यांचा सडा पडायला लागलाय. निंबोळीचं बी टिकत नाही, दोन-तीन आठवड्यांत त्यातला जीव जातो. म्हणून वेचा, गर धुवा, सावलीत कोरडं करा, लगेच पेरा. जांभूळ, आंबा यांचंही तेच. चिंच, बहावा, गुलमोहर ही कवचवाली मंडळी, त्यांना घासायचं. वड, पिंपळ, उंबर यांचं बी मोहरीहूनही बारीक, ते मातीत पुरायचं नाही. ओल्या विटकरीच्या चुऱ्यावर नुसतं भुरभुरायचं आणि वर काच ठेवायची. त्याहून सोपं म्हणजे आपल्या कठड्याच्या भेगेत पक्ष्यांनी लावलेला पिंपळ पावसात अलगद सोडवून घ्यायचा. घर वाचतं, झाडही वाचतं. पिंपळ घरात चालतो का, हे मला विचारू नका. भिंतीत चालतो तर कुंडीत काय वाईट?

फांद्या. वड, उंबर, जास्वंद, डाळिंब, बोगनवेल. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब. खालचा काप डोळ्याच्या जरा खाली, तिरपा. खालची पानं काढा, वर दोन-तीन ठेवा. वडाचा चीक पुसून घ्या. वडाची तर अंगठ्याहून जाड फांदीसुद्धा पावसाळ्यात लागते, म्हणजे जाडीची पाच वर्षं वाचली. फांदीला सोटमूळ नसतं, हा आणखी एक फायदा. पिंपळ मात्र फांदीनं रुसतो. आणि पालवी फुटली म्हणून पेढे वाटू नका! बोगनवेल फांदीत साठलेल्या अन्नावरच पानं काढते, खाली मूळ नसतं. रोज उपसून बघणाऱ्यांची फांदी कधीच लागत नाही. दीड-दोन महिने हात मागे.

माती. आपली काळी माती शेतात सोनं, थाळीत काळ. पावसात लगदा होतो, उन्हात भेगा पडून मुळं तुटतात. विटकरीचे हरभऱ्याएवढे तुकडे, जाड रेती, कुजलेला पाला, तिन्ही सारखे. धूळ चाळून फेकायची. पाणी टाकलं की लगेच खालून निघालं पाहिजे.

तार. ॲल्युमिनियमची, सैल गुंडाळायची, पावसाळ्यात दर आठवड्याला बघायची, नाहीतर सालीत रुतते. आकार कसा द्यायचा हे राहिलंच. तेलंखेडीच्या बागेत जा, म्हाताऱ्या झाडांकडे खालून वर बघा, तेवढं आज पुरे.

प्रश्न? हो, बोला भाऊ. ... किती वर्षं लागतात? बियांपासून दहा धरा, जाड फांदीपासून चार-पाच. माझं वय विचारू नका, यंदाही पेरलंय मी.

ताई, तुम्ही? ... नाही, ती चिंच नाही वाचली. खोड ठेवलंय अजून, त्यात मुंग्यांनी घर केलंय.

बाहेर टेबलावर दोन पुड्या आहेत. निंबोळ्या काल वेचलेल्या, या आठवड्यातच पेरा. चिंचोके पावसाळाभर कधीही चालतील. आणि ज्यांच्याकडे कवेलू नाहीत त्यांनी माझ्याकडून न्या. जुनं घर पाडलं तेव्हाची दीडशे ठेवलीत, यजमान रोज विचारतात कधी जाणार.