लाल ठिपका : मंगळवार पेठेतल्या एका लाईट बिलाची गोष्ट

(दृश्य : पहाट. जुन्या घराचा सोपा. दाराच्या वरच्या बाजूला वीजमीटर. अंधारात मीटरवरचा लाल ठिपका लुकलुकतोय.)

निवेदन :

मार्च महिना. कोल्हापुरात या दिवसांत पहाटे अजून गारवा असतो आणि दुपारी कौलं तापतात. सकाळी न्हाणीत गीझर लागतो, अकरा वाजले की पंख्याशिवाय बसवत नाही. थंडीचा खर्च आणि उन्हाळ्याचा खर्च एकाच बिलात येऊन बसतो.

हे आमचं घर. मंगळवार पेठ. घरात सहा माणसं : आजी, आई, दादा, वहिनी, त्यांचा मुलगा आणि मी. त्या मार्चचं बिल आलं 359 युनिटांचं. आईनं ते फ्रीजवरच्या चुंबकाखाली लावलं आणि दिवसभर कुणाशी धड बोलली नाही.

आजी मात्र बोलली. ती रोजच बोलते.

“आरं, माडीवरचा दिवा कोन बंद करनार? पैसं काय झाडाला लागल्यात?”

लहानपणापासून हे वाक्य ऐकत आम्ही मोठे झालो. मग त्या महिन्यात आम्ही खरोखर दिवे बंद करायला लागलो. एकाच दिव्याखाली अभ्यास, स्वयंपाक आणि गप्पा. पुढचं बिल जवळजवळ तेवढंच आलं. आईचा चेहरा मला अजून आठवतो. इतका त्रास काढून हातात काही पडलं नाही, याचं तिला फार वाईट वाटलं होतं. ही फिल्म मी तिथून सुरू केली.

(दृश्य : उद्यमनगर. लेथ, लोखंडाचा कीस, मशीनच्या एका वायरभोवती टाँगटेस्टरचा चिमटा.)

माझा दादा उद्यमनगरात लेथवर काम करतो. तिथं मशीन जास्त करंट घ्यायला लागलं की लगेच कळतं. टाँगटेस्टरचा चिमटा वायरभोवती लावायचा, अँपिअर बघायचे, बेअरिंग धरतंय का बेल्ट घासतोय ते शोधायचं. रोजचं काम.

दादा म्हणाला, “लेथ किती खातंय ते मला झोपेत उठवून विचार, सांगतो. घरातला फ्रीज किती खातोय ते मात्र मी जन्मात बघितलं नाही.”

त्या रविवारी आम्ही घर मोजायला घेतलं. टाँगटेस्टरसुद्धा लागला नाही. मीटरवरच्या लाल ठिपक्यानंच काम झालं.

(दृश्य : मीटर जवळून. ठिपका लुकलुकतो. पुतण्या मोबाईलच्या घड्याळाकडे बघत ठोके मोजतोय.)

मीटरच्या पाटीवर नीट बघा. एक आकडा असतो. आमच्या मीटरवर 3200 आहे. बऱ्याच घरगुती मीटरांवर हाच सापडतो. ठिपका 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. एक युनिट म्हणजे हजार वॉटची वस्तू एक तास चालणं. हिशेब केला तर मिनिटाला साधारण 53 ठोके पडले, म्हणजे घर त्या क्षणी हजार वॉट घेतंय.

एकेक वस्तू लावायची, बाकी सगळं बंद ठेवायचं आणि मिनिटभर ठोके मोजायचे. पोरांना हा खेळ फार आवडतो.

सोप्यातला पंखा लावला. मिनिटाला चार ठोके.

मग न्हाणीतला गीझर. ठिपका लुकलुकतोय की नुसता थरथरतोय, तेच कळेना. मोबाईलवर व्हिडिओ काढून, हळू करून मोजला. शंभराच्या वर. दोन हजार वॉट.

आजी सोप्यातून बघत होती. तिला माडीवरचा तो दिवा लावून दाखवला. नऊ वॉटचा एलईडी. आम्ही मिनिटभर ठिपक्याकडे टक लावून बसलो. एकदाही लुकलुकला नाही. दोन मिनिटं पुरी व्हायच्या आत एकदा लुकलुकला.

आजी म्हणाली, “एवढंच?”

एवढंच. पण आजीचं ओरडणं कधीकाळी अगदी बरोबर होतं, हे मला इथं सांगायचंय. तिच्या संसारात पिवळे बल्ब होते, साठ-साठ वॉटचे. घरात दहा बल्ब जळत राहिले की सहाशे वॉट झाले. आज तशा एका बल्बाएवढा उजेड नऊ वॉटात मिळतो. दिवे बदलले, आमचा राग जुन्याच जागी राहिला.

(दृश्य : वीजबिलाची मागची-पुढची बाजू. बोट एकेका ओळीवरून फिरतं.)

आता हे बिल. बहुतेक जण शेवटचा आकडा बघून कागद घडी करतात. मीही तेच करायचो.

घरगुती बिलाला पायऱ्या असतात. 100 युनिटांपर्यंत एक दर. 101 ते 300 ला दुसरा, तो पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट. 301 ते 500 ला त्याहून चढा आणि 500 च्या पुढे सगळ्यांत महाग. दर वेळोवेळी बदलतात, पायऱ्यांची ही चढण कायम आहे. एक गैरसमज पेठेत फार आहे, की 300 ओलांडलं की सगळंच बिल महाग दरानं लागतं. तसं नाही. महाग दर फक्त वरच्या युनिटांना. आमच्या 359 मधली वरची 59 युनिटं तिसऱ्या पायरीवर होती.

याचीच दुसरी बाजू आम्हाला उशिरा कळली. तुम्ही वाचवता ते युनिट नेहमी सगळ्यांत वरचं असतं, सगळ्यांत महाग असलेलं. त्यावरचा वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणायचा खर्च, वाचतो, वरचं 16 टक्के वीज शुल्कही वाचतं. स्थिर आकार मात्र दिवा लावा, नका लावू, भरावाच लागतो.

बिलावर मागील रीडिंग आणि चालू रीडिंग असतं. ते मीटरवरच्या आकड्याशी ताडून बघायला दोन मिनिटं लागतात. रीडिंगच्या जागी ‘सरासरी’ आलं असेल तर तो तुमचा खरा वापर नाही, तक्रार करा. महावितरणचा 1912 हा क्रमांक त्यासाठी आहे.

(दृश्य : स्वयंपाकघर. जुना फ्रीज, गॅसच्या कट्ट्याला खेटून.)

मोजणीत आमच्या घरातला पहिला खादाड सापडला तो इथं. हा फ्रीज दादाच्या लग्नाच्या आधीचा. दिवसाला दोन युनिटं खात होता, म्हणजे महिन्याला साठ.

दारात दहाची नोट अडकवून ओढून बघितली. अलगद सुटली. रबर कडक होऊन गेलेलं, आतला गारवा रात्रंदिवस बाहेर पडतोय. मागची जाळी भिंतीला चिकटलेली. शेजारी गॅस. आणि रविवारी तांबडा-पांढरा उरला की पातेलं कोमट असतानाच आत. आतलं गरम बाहेर ढकलायचं हेच फ्रीजचं काम. आपणच गरम आत ठेवलं तर तो बिचारा थांबणार कधी?

रबर बदललं, फ्रीज वीतभर पुढे ओढला. थोडा फरक पडला. दिवाळीत वहिनीनं भिशीचे पैसे काढले आणि आम्ही लहान, चांगल्या स्टारचा फ्रीज आणला. फ्रीजवरच्या स्टारच्या पट्टीवर वर्षाची युनिटं लिहिलेली असतात. स्टार मोजण्याआधी तो आकडा वाचा, कारण मोठ्या फ्रीजचे पाच स्टार लहान फ्रीजच्या तीन स्टारांपेक्षा जास्त खाऊ शकतात.

जुना फ्रीज माडीवर नेऊन ‘थंड पाण्याला’ ठेवायचा विचार सगळ्यांच्या मनात आला होता. आईनं त्याच दिवशी भंगारवाल्याला हाक मारली. थंड पाण्याला माठ आहे, म्हणाली. त्या एका निर्णयासाठी मी आईला मानतो.

(दृश्य : सोप्यातला पंखा. जुना, काळा, गरम होणारा रेग्युलेटर.)

पंखा. मिनिटाला चार ठोके म्हणजे कुणाला काय वाटणार? पण गीझर तासभर चालतो आणि पंखा बारा तास. आमचे चार पंखे बारा-बारा तास फिरत होते, दोन थोडा वेळ. सगळे मिळून महिन्याला सव्वाशेच्या आसपास युनिटं. घरातला सगळ्यांत मोठा खर्च डोक्यावर गुपचूप फिरत होता.

भिंतीवरचा तो जुना डबा रेग्युलेटर बघा. पंखा हळू केला की वीज वाचते असं आम्हाला वाटायचं. हा डबा उरलेली वीज उष्णता करून टाकतो. हात लावला तर चटका बसतो, तो बिलातलाच असतो.

नवे बीएलडीसी पंखे येतात. मोटरची रचना वेगळी, आत लोहचुंबक. जुना पंखा पंच्याहत्तर वॉट घेतो तिथं हा साधारण तीस. आता छताच्या पंख्यांनाही स्टारची पट्टी सक्तीची आहे. आम्ही सहाही बदलले नाहीत, पैसे नव्हते. जे चार सगळ्यांत जास्त फिरतात तेच बदलले, दोन महिन्यांतून एक असे. ठिपक्याचे ठोके चारवरून दीडवर आले. महिन्याला पासष्ट युनिटं वाचली. वरच्या पायरीची युनिटं होती म्हणून पंख्याचे पैसे दोन वर्षांच्या आत फिटले.

(दृश्य : न्हाणी. कोपऱ्यात तांब्याचा बंब, वर गीझर.)

गीझरबद्दल लोक वाद घालतात, चालू ठेवावा की बंद करावा. पाणी तापवायला लागणारी वीज किती पाणी वापरलं यावर ठरते, त्यात जादू नाही. एका बादलीच्या आंघोळीला साधारण अर्ध्या युनिटाच्या आत काम होतं. शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहिलं की हिशेब वाढतो. जादा जायची ती वीज दुपारी. सगळे कामाला गेले, बटण चालूच, टाकीतलं पाणी निवतंय, पुन्हा तापतंय, पुन्हा निवतंय. कुणाच्याच कामाचं नाही.

आजीनं ती जबाबदारी घेतली. शेवटची आंघोळ झाली की गीझर बंद. आता ती ओरडते ते गीझरवरून, आणि प्रत्येक ओरडण्याला वजन आहे. बंबही तिनं घासून ठेवलाय. श्रावणात, पाऊस लागून राहिला, राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की शेणी आणि चिपाडं घालून बंब पेटतो. त्या धुराचा त्रास होतो, रोजचा उपाय म्हणून मी तो सांगणार नाही. आजीचा तो आनंद आहे.

(दृश्य : रात्र. दिवे-पंखे बंद. ठिपका अर्ध्या-पाऊण मिनिटानं एकदा लुकलुकतो.)

घर झोपलंय. फ्रीजची पिनही दादानं काढलीय. तरी ठिपका लुकलुकतोय. दोन सेट टॉप बॉक्स आणि वायफायचा डबा. रिमोटनं टीव्ही बंद होतो, बॉक्स जागाच राहतो. तिन्ही मिळून तीस वॉट, पण चोवीस तास, तीस दिवस. महिन्याला एकवीस युनिटं. आता झोपताना बोर्डावरचं बटण बंद करतो.

हीच परीक्षा माझ्या आत्याच्या घरी केली तेव्हा पोटात गोळा आला. आत्या शाहूपुरीत, कुंभार गल्लीत राहते. 2019 च्या पुरात तिच्या घरात कमरेच्या वर पाणी होतं. पूर ओसरला, भिंती पुसल्या, रंग दिला. बिल मात्र वाढत गेलं. आम्ही सगळ्या पिना काढल्या, सगळी बटणं बंद केली, आणि ठिपका भराभर लुकलुकत होता.

वायरमनला बोलावलं. भिंतीतली जुनी वायर ओल धरून बसली होती, वीज भिंतीतून अर्थिंगला गळत होती. आत्या वर्षभर त्याच भिंतीला टेकून भाजी निवडायची. वायर बदलली, ईएलसीबी बसवला. गळती झाली की तो क्षणात लाईन तोडतो. पुराच्या पट्ट्यात तुमचं घर असेल तर बिलाचं राहू द्या, आधी हे बघून घ्या. आणि हे काम स्वतः करू नका, परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

(दृश्य : गच्चीवरची पाण्याची टाकी. पाणी ओसंडून पन्हाळीतून वाहतंय.)

मोटरचं थोडक्यात. नळाला पाणी आलं की मोटर लावायची, मग गप्पांत विसरायची, टाकी वाहिली की धावायचं, हे पेठेत घरोघरी आहे. टाकीत फ्लोट स्विच बसवला. पाणीही वाचलं, वीजही.

एसी आमच्याकडे नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी 24 वर ठेवून सोबत पंखा लावावा.

(दृश्य : गल्लीतल्या एका नव्या घराची गच्ची. सोलरची तावदानं.)

समोरच्यांनी सोलर बसवलं. 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॉटला 78 हजार रुपये अनुदान. एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिटं देतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ दाटलेलं, तेव्हा कमी. उरलेली वीज लाईनला जाते आणि बिलातून वजा होते. चांगली गोष्ट आहे. पण आमच्यावर कौलं आहेत, शेजारच्या तीन मजल्यांची सावली आहे, गच्चीत चुलत्यांचा वाटा आहे. पेठेतल्या बऱ्याच घरांची हीच अडचण. आणि ज्याला जमतं त्यानंही आधी पंखे आणि फ्रीज बघावेत असं मला मनापासून वाटतं. 359 युनिटांचं सोलर आणि 207 युनिटांचं सोलर यांच्या किमतीत मोठा फरक आहे.

हो, 207. पुढच्या मार्चचं बिल तेवढं आलं. माणसं तीच सहा. तिसरी पायरी पूर्ण सुटली.

(दृश्य : भिंतीवरचं कॅलेंडर. रोजच्या चौकटीत दुधाचा हिशेब.)

आई आता दर महिन्याच्या एक तारखेला स्टुलावर चढून मीटर वाचते. आकडा कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिते. मागच्या महिन्याचा आकडा वजा करते. बिल यायच्या आधी तिला बिल माहीत असतं. माडीवरचा दिवा मात्र आजी अजून स्वतः जाऊन बंद करून येते, गुडघे दुखत असले तरी. आम्ही कुणी तिला थांबवत नाही.

(दृश्य : आजी जिना उतरते. मागे माडीवर अंधार. सोप्यात ठिपका एकदा लुकलुकतो.)