सकाळी दरीत, दुपारी डोंगरावर

[ट्रामचा डबा मनोऱ्यावरून सरकतो]

ट्रामचा, म्हणजे रोपवेचा, डबा मनोऱ्यापाशी आला की आधी किंचित थबकल्यासारखा वाटतो, मग पुढे झोके घेतो, आणि आतली निम्मी माणसं एकदम ओरडतात. वाटेत असे पाच मनोरे आहेत, म्हणजे पाच वेळा पोटात गोळा. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. डबा जाड तारेला लटकलेला असतो. मनोऱ्यावर तारेचा चढ बदलला की डबा हलणारच.

ही पाम स्प्रिंग्ज एरियल ट्रामवे. पाम स्प्रिंग्ज हे कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातलं, डोंगराच्या पायथ्याचं गाव; लॉस एंजेलिसहून दोन दिवसांच्या सहलीची ही आखणी. खालचं स्टेशन २,६४३ फुटांवर, वरचं ८,५१६ फुटांवर. अंतर अडीच मैल, वेळ साधारण दहा मिनिटं. खालून एक डबा निघतो तेव्हाच वरून दुसरा सुटतो, आणि अर्ध्या वाटेत दोघं एकमेकांना ओलांडतात. खिडकीची जागा पटकावण्यासाठी पळापळ करू नका. डब्याची फरशीच फिरते, एका खेपेत दोन पूर्ण फेऱ्या. नुसतं उभं राहायचं, दरी आपोआप समोरून जाते.

ट्रामची कल्पना १९३५ सालची. फ्रान्सिस क्रॉकर नावाचा एक विजेचा इंजिनियर उन्हातान्हात जवळच्या बॅनिंग गावाकडे चालला होता. समोर सॅन हासिंटोचं शिखर, त्यावर बर्फ. तिथवर जायची सोय हवी, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. सोय व्हायला अठ्ठावीस वर्षं लागली. राज्याच्या गव्हर्नरने ट्रामचं विधेयक दोनदा नाकारलं, मध्ये दुसरं महायुद्ध झालं, मग कोरियाचं. १९६१ मध्ये काम सुरू झालं तेव्हा पाचांपैकी फक्त पहिल्या मनोऱ्यापर्यंत रस्ता जात होता. बाकीच्या चारांचं सगळं सामान, लोखंड, सिमेंट आणि माणसं, हेलिकॉप्टरने वर गेलं. सरकारी तिजोरीतून पैसा नाही, ८१.५ लाख डॉलरचे रोखे विकून तो उभा केला आणि १९९६ पर्यंत फेडला. सप्टेंबर १९६३ मध्ये पहिला डबा वर गेला. आत्ता दिसताहेत ते फिरते डबे २००० सालापासूनचे.

[वरचं स्टेशन; पाइनची झाडं]

खाली निवडुंग, वर पाइन आणि फर. कोरडी हवा हजार मीटर वर गेली की सुमारे दहा अंश सेल्सिअसने थंड होते. दोन स्टेशनांमध्ये जवळपास अठराशे मीटरचा फरक आहे, आणि गाव तर खालच्या स्टेशनच्याही बरंच खाली, समुद्रसपाटीपासून जेमतेम दीडशे मीटरवर. म्हणून गावात चाळीस असताना वर वीस-बावीस असू शकतं, आणि जानेवारीत गावात लोक हॉटेलच्या जलतरण तलावात पोहत असताना वर गुडघाभर बर्फ. चपला-चड्डीवर वर जाऊन कुडकुडणारी माणसं प्रत्येक डब्यात सापडतात. उन्हाळ्यातही एक स्वेटर गाडीत टाका.

वरच्या स्टेशनातून लाँग व्हॅलीत जाणारी पक्की वाट वळणं घेत खाली उतरते. इथेच लोक फसतात. डोंगर चढताना आधी दम लागतो, परतताना सोपं जातं, इथे उलटं. जाताना मजेत उतरायचं, आणि परतताना, थकल्यावर, साडेआठ हजार फुटांच्या विरळ हवेत तीच वाट चढायची. सोबत गुडघेदुखीवाले किंवा दमेकरी असतील तर त्यांना स्टेशनच्या सज्जावरच बसवा. तिथून दरी दिसतेच. चालणाऱ्यांसाठी दीड मैलाची डेझर्ट व्ह्यूची फेरी पुरेशी आहे. त्यापुढे रानात शिरायचं तर लाँग व्हॅलीतल्या रेंजर ठाण्यावर मोफत परवाना भरावा लागतो. शिखर १०,८३४ फुटांवर. जाऊन-येऊन सुमारे अकरा मैल. दुपारी निघून ते होत नाही.

दरवर्षी, बहुधा सप्टेंबरमध्ये, ट्राम दुरुस्तीसाठी काही आठवडे बंद असते. जोराचा वारा असेल तर मध्येही थांबवतात. त्यामुळे हॉटेल ठरवण्याआधी ट्रामचं वेळापत्रक बघा. उलटं केलं तर दोन दिवस तलावाच्या काठावरच जातात.

[रस्ता, पवनचक्क्यांच्या रांगा]

लॉस एंजेलिसहून पाम स्प्रिंग्ज साधारण १०७ मैल. आंतरराज्य महामार्ग १० हा एकच मुख्य रस्ता, आणि तो सॅन गोर्गोनिओच्या खिंडीतून जातो. उत्तरेला सॅन गोर्गोनिओ, दक्षिणेला सॅन हासिंटो, दोन्ही दहा हजार फुटांच्या वर. वाळवंट तापलं की तिथली हवा वर उठते आणि समुद्राकडची गार हवा या फटीतून आत खेचली जाते. पवनचक्क्या इथेच का, त्याचं उत्तर हेच. गाडीचं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरायचं कारणही तेच. वसंत ऋतूत दुपारनंतर वारा सर्वांत खवळलेला असतो.

रस्ता मोकळा असेल तर दोन तास. शुक्रवारी दुपारी तीननंतर निघाल तर तीन-चार. शुक्रवारी दुपारच्या आत किंवा थेट शनिवारी पहाटे, याला तिसरा पर्याय नाही.

फोनमधला नकाशा पुष्कळदा इंडियन कॅन्यन ड्राइव्ह किंवा जीन ऑट्री ट्रेलने आत घालतो. हे दोन्ही रस्ते, आणि व्हिस्टा चिनोसुद्धा, व्हाइटवॉटर नदीचं कोरडं पात्र ओलांडतात. वारा सुटला की त्यांच्यावर वाळू साचते, पाऊस झाला की पाणी येतं, आणि पोलीस अडथळे लावून मोकळे होतात. ऑगस्ट २०२३ मध्ये हिलरी वादळात तर आंतरराज्य १० सुद्धा बंद पडला होता. एरवी पश्चिमेकडून महामार्ग १११ने या. तो डोंगराच्या पायथ्याने येतो, आणि वाऱ्याच्या दिवशीही सहसा चालू असतो.

१११वरच, ट्रामचा फाटा फुटतो तिथे, आभाळात झेपावणारं हे छप्पर दिसेल. वास्तुकार आल्बर्ट फ्रायच्या आराखड्याचा, १९६५ मधला हा पेट्रोल पंप. आता इथे पर्यटक माहिती केंद्र आहे. नकाशा घ्या, स्वच्छतागृह वापरा, पुढे निघा. या गावात विसाव्या शतकाच्या मध्यातल्या अशा आधुनिक शैलीच्या इमारती जागोजाग आहेत. वास्तुकार रिचर्ड नॉयट्राचं १९४६चं कॉफमन हाउस त्यांत सर्वांत गाजलेलं, पण ते खासगी घर आहे, रस्त्यावरूनच बघायचं.

[अँड्रियास कॅन्यन, सकाळी]

सकाळ दरीसाठी राखून ठेवा. साउथ पाम कॅन्यन ड्राइव्ह सरळ दक्षिणेला गेला की इंडियन कॅन्यन्सचं फाटक लागतं. ते आठला उघडतं. ही जमीन आग्वा कालिएंते बँड ऑफ काविया इंडियन्स या मूळ रहिवासी जमातीची आहे. हे राष्ट्रीय उद्यान नाही, राज्याचंही नाही, त्यामुळे राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास इथे चालत नाही, तिकीट वेगळं. कुत्री आणायची नाहीत. ऑक्टोबर ते जुलैच्या सुरुवातीपर्यंत रोज उघडं; त्यानंतर सप्टेंबरअखेरपर्यंत फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार. मंगळवारी आलेल्या गाड्या इथूनच वळतात.

इथल्या दऱ्यांपैकी, वेळ थोडा असेल तर पाम कॅन्यन सोडा, अँड्रियास घ्या. फेरी साधारण एका मैलाची, ओढ्याला बारमाही पाणी, आणि सावली आहे. ही झाडं बघा. कॅलिफोर्नियाचा मूळचा एकच ताड, पंख्यासारख्या पानांचा. वाळलेली पानं गळत नाहीत. खोडाला घागऱ्यासारखी लोंबत राहतात आणि त्यात पाखरं, उंदीर, वटवाघळं राहतात. काही खोडं मात्र उघडी आणि काळी पडलेली दिसतील. ती जळलेली आहेत, पण मेलेली नाहीत. आंबा किंवा सागाचा रस वाहणारा थर सालीखालीच असतो, तेवढा जळला की झाड संपलं. ताडाच्या रसवाहिन्या मात्र खोडभर विखुरलेल्या असतात, म्हणून वरून जळूनही शेंडा हिरवा. काविया लोक ही बनं मुद्दाम जाळत. खालचा कचरा जाई, वाट मोकळी होई, आणि फळ वाढे. फळ लहान, काळं, वाटाण्याएवढं, बरंचसं बीच.

वाटेलगतच्या खडकात हे गोल खळगे आहेत. ही उखळं. पिढ्यान्‌पिढ्या इथे बसून बिया कुटल्या गेल्या तेव्हा दगडाला एवढी खोली आली. त्यात पाय ठेवून फोटो काढू नका.

पाम कॅन्यन पंधरा मैल लांब आहे आणि त्याची वाट दुकानापासून ओढ्यापर्यंत उतरते. म्हणजे पुन्हा तेच, जाताना उतार, येताना चढ. आणि तोवर दहा वाजलेले असतात. मे ते सप्टेंबर दहापर्यंत गाडीत परत असलं पाहिजे. माणशी एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी, हा दिवसाचा हिशोब. त्यातलं निम्मं सोबत, निम्मं गाडीत.

काही उत्साही मंडळी गावातल्या आर्ट म्युझियममागून स्कायलाइन नावाच्या पायवाटेने थेट ट्रामच्या वरच्या स्टेशनपर्यंत चढायला निघतात, उतरताना ट्राम आहेच म्हणून. आठ हजार फुटांची चढण, वाटेत पाण्याचा थेंब नाही. त्या वाटेवर माणसं दगावली आहेत.

[गाव, दुपार]

पाच जुलै २०२४ रोजी इथे १२४ फॅरनहाइट नोंदलं गेलं, ५१.१ सेल्सिअस. गावाचा आजवरचा उच्चांक. जुलैचं नेहमीचं कमाल तापमान बेचाळीस-त्रेचाळीसच्या आसपास, आणि रात्रही सहसा सव्वीसच्या खाली जात नाही. नेमके याच दिवसांत भारतातून आई-बाबा आलेले असतात, आणि 'आम्ही नागपूरचे, आम्हाला काय ऊन सांगता' हे ठरलेलं वाक्य येतं. फरक सावलीचा आहे. नागपुरात दुपारी बारानंतर कोणी मोकळ्या रस्त्यावर हिंडत नाही; इथे सहल म्हटलं की हिंडायचंच असतं. शिवाय घाम अंगावर दिसण्याआधीच उडून जातो, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळत नाही. तहान लागण्याची वाट न बघता प्यायचं, आणि नुसत्या पाण्यासोबत खारं काहीतरी खायचं. तलावाकाठची फरशी अनवाणी पायांना भाजते, लहान मुलांना सपाता हव्यातच. अकरा ते चार ही वेळ ट्रामला द्या. वर जाण्याची हीच खरी वेळ.

नोव्हेंबर ते एप्रिल हवा उत्तम आणि भाव चढे. फेब्रुवारीत मॉडर्निझम वीक, म्हणजे इथल्या आधुनिक इमारतींचा उत्सव, मार्चमध्ये इंडियन वेल्सची टेनिस स्पर्धा, एप्रिलमध्ये जवळच्या इंडिओ गावी कोचेला संगीत महोत्सवाचे दोन शनिवार-रविवार आणि लगेच पुढच्या आठवड्यात स्टेजकोच हा कंट्री संगीताचा महोत्सव. या तारखा टाळा. रविवार-सोमवारच्या रात्री सहसा सर्वांत स्वस्त. गुरुवारी संध्याकाळी पाम कॅन्यन ड्राइव्ह वाहनांना बंद करून बाजार भरतो. गंमत आहे, पण गाडी लावायला आधी पोचा.

हॉटेल घेताना तीन गोष्टी तपासा. एक, वय. इथली पुष्कळ लहान, देखणी हॉटेलं फक्त एकवीस वर्षांवरच्यांसाठी असतात. मुलं घेऊन गेलात तर दारातूनच परत. काही ठिकाणी तर तलावावर कपडे ऐच्छिक असतात. सासूबाईंना घेऊन जाणार असाल तर माहितीपान शेवटपर्यंत वाचा. दोन, डोंगराची सावली. सॅन हासिंटो डोंगर गावाच्या अगदी पश्चिमेला उभा आहे, त्यामुळे हिवाळ्यात पायथ्याच्या हॉटेलांतला तलाव दुपारीच सावलीत जातो आणि पाण्यातून निघावंसं वाटत नाही इतकी हवा गार होते. हिवाळ्यात थोडं पूर्वेकडचं हॉटेल घ्या, उन्हाळ्यात पायथ्याचं. तीन, वारा. गावाचं उत्तर टोक खिंडीच्या तोंडाशी आहे. मार्च-एप्रिलमध्ये तिथे टेबलावरची ताटली उडते.

रिसॉर्ट फीचा, म्हणजे खोलीभाड्यावर वेगळ्या लावलेल्या जादा आकाराचा, घोळ आता कमी झाला आहे. जुलै २०२४ पासून कॅलिफोर्नियात अशी सक्तीची फी जाहिरातीच्या भावातच दाखवावी लागते; कर तेवढा वरून लागतो. घर भाड्याने घेतलंत तर बाहेर स्पीकर लावायचा नाही, दिवसाही नाही. अंताक्षरी चालेल, ब्लूटूथ नाही.

[नकाशा, चौकटी]

गावाचा नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा आहे. एक चौरस मैलाची एक चौकट रेल्वेला, शेजारची जमातीला, अशी एकोणिसाव्या शतकात वाटणी झाली. १९५९ मध्ये जमातीच्या जमिनीवर नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यांना परवानगी मिळाली आणि या चौकटींचा भाव वधारला. गावाच्या मधोमधच्या 'सेक्शन १४' या चौकटीतली, मुख्यतः काळ्या आणि लॅटिनो कुटुंबांची घरं पाडली गेली, जाळली गेली. २०२४ मध्ये शहराने ५९ लाख डॉलरची भरपाई मान्य केली. गरम पाण्याचा मूळ झराही याच सेक्शनमध्ये. तिथे जमातीने २०२३ मध्ये नवं स्नानगृह आणि संग्रहालय उघडलं. दुपारच्या उन्हात ट्राम बंद असेल तर इथे या.

जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यान या आखणीत नाही. दोन दिवसांत तेही कोंबलं तर दोन्ही हुकतं.

[कॅबझॉन, खजुराच्या पेट्या]

रविवारी परतताना सकाळी दहाच्या आत निघा किंवा रात्री आठनंतर. मधल्या वेळात बॅनिंग ते ब्यूमाँट रांग लागते. ब्यूमाँटला महामार्ग ६० वेगळा होतो. घर रिव्हरसाइड-पोमोनाच्या बाजूला असेल तर तो बघून घ्या, पण बॅडलँड्स नावाच्या टेकड्यांमधला त्याचा भाग वळणांचा आहे, मागची मंडळी खजूर खाऊन बसली असतील तर जपून.

खजूर इथला, कोचेला खोऱ्याच्या पूर्वेकडच्या बागांतला. मेडजूल या मऊ जातीची रोपं १९२७ मध्ये मोरोक्कोहून अमेरिकेत आली, अकराच फुटवे. मादी झाडावर परागकण माणसाने चढून घालायचे, घड पिशव्यांत बांधायचे, आणि एकाच घडातली फळं पिकतील तशी पुन्हा पुन्हा चढून उतरवायची. भाव त्या चढण्याचा असतो. परतीच्या वाटेवर कॅबझॉनला हॅडलीच्या दुकानात खजुराचा मिल्कशेक मिळतो. लहान पेला दोघांत पुरतो. घरी न्यायला मेडजूल घेतलात तर पेटी डिकीत टाकू नका, तिथे तो घामेजून आंबतो. पायाशी, एसीच्या वाऱ्यात ठेवा, आणि घरी पोचल्यावर फ्रिजमध्ये. देग्लेत नूर ही दुसरी जात, तो खजूर कोरडा असतो, त्याचं एवढं काही नाही.