एका गाईला वीस एकर

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय, 'चेरी काउंटी : इतिहास, भूगोल आणि लोकसंख्या'. काल एका स्नेह्यांचा फोन आला, "फळबागांवर बोलणार का?" तेव्हा आधी नावाचा खुलासा करून टाकतो. हा चेरी म्हणजे फळ नव्हे, सॅम्युअल चेरी नावाचा घोडदळातला लेफ्टनंट. 1881 च्या मे महिन्यात दरोडेखोरांच्या मागावर गेला आणि स्वतःच्याच तुकडीतल्या एका शिपायाच्या गोळीने मेला. दोन वर्षांनी, 1883 साली, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात नवी काउंटी झाली, तिला त्याचं नाव दिलं. तिथल्या मुख्य गावाचं नाव व्हॅलेंटाइन. तेही प्रेमाशी संबंधित नाही, एडवर्ड व्हॅलेंटाइन नावाचे तिथले खासदार होते. पण फेब्रुवारीत जगभरातून पाकिटं तिथल्या पोस्टात येतात, त्यांवर खास शिक्का उमटतो आणि ती पुढे जातात. रस्त्याकडेच्या पदपथांवर लाल बदाम रंगवलेत. खासदारसाहेबांना कल्पनाही नसेल.

काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. शेरीफ, कारकून, कर आकारणी करणारा अधिकारी, सगळे निवडून येतात. कर आकारणारा निवडून येतो! मी चौतीस वर्षं मोजणी खात्यात काढली, भूकरमापक म्हणून लागलो आणि निरीक्षक म्हणून सुटलो. मोजणीदाराला निवडणूक लढवायला लावली असती तर माझं डिपॉझिट पहिल्याच बांधावर जप्त झालं असतं.

मुलगी ओमाहाला, म्हणजे नेब्रास्कातल्याच एका शहरात असते, म्हणून हे सगळं. दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. ती म्हणाली, "बाबा, शिकागो बघू." मी म्हटलं, शिकागो टीव्हीवर दिसतं, मला चेरी काउंटी दाखव. कारण भिंतीवरच्या नकाशात एक आकडा मला खुणावत होता. चेरी काउंटीचं क्षेत्रफळ साडेपंधरा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. आपल्या पुणे जिल्ह्याचं 15,643. म्हणजे जुळी भावंडं! आता माणसं बघा. पुणे जिल्हा, 2011 ची जनगणना : 94 लाख. चेरी काउंटी, 2020 ची जनगणना : 5,455. लाख नाही, हजार नाही, नुसते पाच हजार चारशे पंचावन्न. आपल्याकडे एका सोसायटीच्या गणपतीला याहून जास्त पाट लागतात.

तर ओमाहाहून पाचेक तास गाडी. झाडं कमी होत जातात, मग टेकड्या सुरू होतात. गोल, बुटक्या, हिरव्या, एकामागे एक. मी जावयांना म्हटलं, "माती कसली आहे बघू, थांबवा." उतरलो, बुटाच्या टाचेने गवताचं मूळ उकरलं, आणि खाली वाळू. शुद्ध वाळू! कोकणातल्या पुळणीसारखी. या प्रदेशाला सँडहिल्स म्हणतात. जवळपास पन्नास हजार चौरस किलोमीटर वाळूच्या टेकड्या, काही शंभर मीटरहून उंच, आणि सगळ्यांवर गवताची गोधडी. पश्चिम गोलार्धात वाळूच्या टेकड्यांचा एवढा मोठा पट्टा दुसरा नाही. वर वाळू, खाली ओगलाला नावाचा भूजलाचा प्रचंड साठा. पाऊस पडला की वाहत नाही, मुरतो. दोन टेकड्यांमधल्या खोलगटात तो वर डोकावतो, त्याची तळी होतात. पवनचक्की उभी केली की गुरांना पाणी. गोधडी मात्र फाटता कामा नये. नांगर घातला, गवत गेलं, की वारा वाळू उकरतो आणि टेकडीला खड्डा पडतो. तो बुजायला वर्षानुवर्षं लागतात.

हे सगळं लकोटा या तिथल्या मूळ रहिवाशांना ठाऊक होतं, ते इथे शिकारीला येत. गोऱ्या गुराख्यांना मात्र या टेकड्यांची भीती वाटे. गेलेलं जनावर परत येत नाही, अशी ख्याती. 1879 च्या हिमवादळात बरीच गुरं आत भरकटली, ती शोधायला नाइलाजाने गुराखी शिरले. बघतात तर गुरं धष्टपुष्ट, आणि आधीच्या वर्षांत हरवलेलीही, मालकाचा डाग न मारलेली पोरं-बाळं घेऊन चरताहेत. झालं, भीती पळाली. 1880 मध्ये फोर्ट नायोब्रारा ही लष्करी छावणी, 1883 मध्ये रेल्वे. आता माझा आवडता भाग. संयोजकांनी आत्ताच घड्याळाकडे बघितलेलं मला दिसलंय, पण हा भाग मी सोडणार नाही.

अमेरिकेने 1785 च्या कायद्याने ठरवलं की जमीन विकण्याआधी मोजायची, आणि चौकोनात मोजायची. सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप. तिचे एकेका चौरस मैलाचे 36 तुकडे. एक तुकडा 640 एकर. क्रमांक कसे, तर एक ओळ उजवीकडून डावीकडे, पुढची डावीकडून उजवीकडे. बैल तास काढून वळतो तसे. डोंगर येवो, नदी येवो, रेघ सरळ. आपल्या गट नकाशात बांध ओढ्याबरोबर वळतो, चिंचेला वळसा घालतो, दोन भावांच्या भांडणात तर अधांतरी लटकतो. तिथे तसलं काही नाही. मला आधी हेवाच वाटला.

आणि साखळी! त्यांची गंटर साहेबाची साखळी 66 फुटांची. आपल्या जुन्या मुंबई इलाख्यातल्या मोजणीची साखळी 33 फुटांची, तिचे आणे सोळा. बरोब्बर निम्मी! एक साखळी बाय एक साखळी म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. माझा एक सहकारी शेवटपर्यंत सांगत असे की गुंठा हा शब्द गंटरवरूनच आला. मी त्याला कधी समजावलं नाही. निवृत्त झाला तेव्हा भाषणातही त्याने तेच सांगितलं आणि साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

तर 1862 च्या होमस्टेड कायद्याने कुटुंबाला 160 एकर. तिथे राहा, जमीन कसा, पाच वर्षांनी ती तुमची. आयोवाच्या काळ्या मातीत 160 एकर म्हणजे राजा माणूस. सँडहिल्समध्ये? तिथे एका गाईला तिच्या वासरासकट वर्षभर चरायला पंधरा ते वीस एकर लागतात. करा भागाकार. आठ-दहा गाई. आठ गाईंवर बायकामुलं जगवायची, तीही उणे तीस अंशांच्या थंडीत! त्यामुळे ती जमीन कोणी मागेना आणि मोठे रँचवाले, म्हणजे गुरांची मोठाली कुरणं बाळगणारे, तिथे आपली गुरं फुकटात चारू लागले. चारलं तर चारलं, वर सरकारी जमिनीला काटेरी तारेचं कुंपण घातलं. 'स्पेड' नावाची रँच होती, चेरी आणि शेजारच्या शेरिडन काउंटीत पसरलेली. मालक बार्टलेट रिचर्ड्स. दोन लाख एकरांहून जास्त सरकारी जमीन त्याच्या आणि भागीदाराच्या कुंपणात. 1905 मध्ये खटला झाला. शिक्षा किती? प्रत्येकी 300 डॉलर दंड आणि मार्शलच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या पोलीस अधिकाऱ्याच्या, ताब्यात सहा तास. सहा तास! आमच्याकडे मोजणीचा अर्ज घेऊन आलेला शेतकरी बाकावर याहून जास्त बसायचा, गुन्हा काही न करता.

राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट भडकले. सरकारी वकील आणि मार्शल दोघांनाही त्यांनी घरी पाठवलं. मग दुसरा खटला. आणि इथे, मंडळी, मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. कारण दुसरा गुन्हा होता बेनामीचा! अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या सैनिकांच्या विधवांना जमिनीच्या दाव्यात सवलत होती. या लोकांनी त्यांना पैसे देऊन त्यांच्या नावाने दावे दाखल करायला लावले आणि जमीन आपल्याकडे वळवली. विधवेच्या नावावर सातबारा आणि पीक शेठचं, हे मी माझ्या तालुक्यात डोळ्यांनी पाहिलेलं. रिचर्ड्सला एक वर्षाची कैद झाली आणि 1911 मध्ये कैदेतच तो वारला. तो वाईट होता असं म्हणून मी मोकळा होणार नाही. त्याचं एक म्हणणं होतं, की या वाळूत 160 एकरांचा तुकडा हा वेडेपणा आहे, जमीन भाड्याने द्या. कायदा मोडला त्याने, पण भागाकार त्यालाच येत होता.

यावरून माझी फजिती सांगतो, मग मूळ मुद्दा. एका रँचवर आम्हाला चहाला... म्हणजे कॉफीला बोलावलं होतं. वेळ दहाची. आम्ही व्हॅलेंटाइनहून साठ-सत्तर किलोमीटर पश्चिमेला वेळेवर पोचलो, घर बंद. तासभर अंगणात. मी अस्सल पुणेकर, मनात सगळं बोलून घेतलं. मग मालक आले, हसत. त्यांच्या घड्याळात नऊ छप्पन्न. काउंटीच्या मधूनच वेळेची रेघ जाते! पूर्वेला सेंट्रल, पश्चिमेला माउंटन. हडपसरला दहा आणि पौडला नऊ अशी कल्पना करा. बसलो, कॉफी झाली, आणि मी सवयीने विचारलं, "आपलं क्षेत्र किती?" एकदम शांतता. मुलीने टेबलाखालून पाय मारला. मालक टोपी फिरवत म्हणाले, "पुरेसं आहे." मी आणखी धीराने विचारलं, "आणि गुरं किती?" मुलीने दुसरा पाय मारला. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "बाबा, तिथे हे विचारणं म्हणजे बँकेत किती आहेत विचारणं." मी म्हटलं, अगं, चौतीस वर्षं लोकांना हेच विचारायचा मला पगार मिळाला!

चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं. आता जे सांगायला आलो ते.

सगळे म्हणतात, ही काउंटी ओस पडते आहे. 1920 मध्ये पावणेबारा हजारांच्या घरात माणसं होती, आज साडेपाच. माझं म्हणणं एवढंच आहे की 1920 चाच आकडा फुगीर होता. तो गवताने दिलेला नव्हता, कायद्याने दिला होता. मोझेस किंकेड नावाचे खासदार होते, त्यांनी 1904 मध्ये कायदा करून घेतला : पश्चिम नेब्रास्काच्या 37 काउंट्यांत 160 ऐवजी 640 एकर. लोक धावले. लाकूड नाही, म्हणून मातीच्या गवताळ ढेपा कापून घरं बांधली, शेण्या जाळल्या. हो, गोवऱ्याच! काही कुटुंबं कृष्णवर्णीय होती, गुलामगिरीतून सुटलेल्यांची मुलं-नातवंडं. त्यांनी 1907 पासून नॉर्थ लूप नदीकाठी डेविटी नावाची वस्ती वसवली. शाळा, चर्च, बेसबॉलचा संघ, सगळं. तिच्यावर खरं तर वेगळं व्याख्यान व्हायला हवं, आणि मी तिला दोन वाक्यं देतोय, याची मला लाज वाटते.

पण 640 भागिले वीस, बत्तीस गाई. तरीही भागत नाही! वर काहींनी नांगर घातला, गोधडी फाटली. पाच वर्षं काढायची, जमीन नावावर झाली की शेजारच्या रँचवाल्याला विकायची आणि निघायचं. 1930 च्या दशकापर्यंत डेविटीही उठली. म्हणजे कायद्याने बोलावलेली माणसं गवताने परत पाठवली. त्यानंतरची घट वेगळी, ती यंत्रांची : गवत कापायला पूर्वी दहा गडी, आता दोन. आणि वारसाची. आपल्याकडे 1947 मध्ये तुकडेबंदीचा कायदा आला, तरी तुकडे पडतच राहिले. तिथे पोटापुरती जमीनच हजारो एकर, तिचे तुकडे केले तर कोणाचंच भागत नाही, म्हणून एक भावंड राहतं आणि बाकीची ओमाहाला, डेन्व्हरला. त्यात शाळा दूर, दवाखाना दूर, हे मी झटक्यात सांगतोय पण भोगणाऱ्याला ते झटक्यात संपत नाही. निम्मी माणसं एकट्या व्हॅलेंटाइनमध्ये आहेत, 2,633. कोडी नावाच्या दीडेकशे वस्तीच्या गावात किराणा दुकान उरलं नव्हतं, तर 2013 मध्ये शाळेतल्या मुलांनी दुकान काढलं, इमारत गवताच्या गठ्ठ्यांची, गल्ल्यावर विद्यार्थी. मी तिथून बिस्किटं घेतली. सुटे पैसे मुलाने तोंडी हिशेबाने दिले.

दुसरी चिठ्ठी. शेवटचा हिशेब करतो आणि बसतो. 38 लाख एकर भागिले 5,455 : माणशी सुमारे 700 एकर. किंकेडसाहेबांनी अख्ख्या कुटुंबाला 640 दिले होते! गाई तर माणशी पंचवीसच्या वर. आता पुणे जिल्हा : साडेअडतीस लाख एकर भागिले 94 लाख, माणशी सोळा गुंठे. त्यात डोंगर आले, धरणं आली, चांदणी चौक आला. त्या रँचवाल्यांनी निघताना मला विचारलं होतं, "तुमच्याकडे माणशी किती पडते?" मी टोपी फिरवली आणि म्हणालो, "पुरेसं आहे."

प्रश्न असतील तर बाहेर चहाच्या टेबलाशी घेऊ, इथली वेळ खरोखरच संपली.